खांबांमधली जागा

कुंदाची चाचणी एक मिनिट दहा सेकंदांत संपली. गाडी चारही खांबांच्या बरोबर मध्ये, कडेच्या पांढऱ्या पट्टीपासून एक वीत अंतरावर, पट्टीला समांतर उभी राहिली. माझी धाकटी बहीण खाली उतरली, तिने ओढणी झटकून खांद्यावर टाकली आणि कठड्याशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून हाक दिली, "काय दादा, झाली का म्हातारी पास?"

फलकावर अंक उमटला : अठ्ठ्याऐंशी. उत्तीर्ण होण्यासाठी पंचेचाळीस पुरतात.

"साठीला अठ्ठ्याऐंशी!" निरीक्षक नाझनीन मुजावर म्हणाल्या. त्या माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या विद्यार्थिनी. मला अजून सरच म्हणतात. "थोरवडे सर, तुमच्या माणसांचे आलेख मी नाव न वाचता ओळखते. हे बघा."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. स्टिअरिंग किती वळले, केव्हा वळले, याची ती नोंद होती. कुंदाच्या नोंदीत तीन सरळ पायऱ्या होत्या : पूर्ण डावीकडे, मध्यावर, पूर्ण उजवीकडे. तिच्या आधी चाचणी दिलेल्या कुणा अनोळखी माणसाचा आलेख मात्र ओढ्यासारखा होता. सतत थोडा इकडे, थोडा तिकडे.

"त्यांचा अंक किती?" मी विचारले.

"एकाहत्तर. तुमच्या शिस्तीपुढे कोण टिकणार, सर?"

त्यांनी ते कौतुकाने म्हटले होते. मी मात्र घरी परतताना त्या तीन पायऱ्यांचाच विचार करीत होतो.

ज्या काळात बहुतेक गाड्या स्वतःच चालतात, त्या काळात माणसाची परवाना-चाचणी उरलीच कशी, हे आधी सांगायला हवे. स्वयंचलित गाडीला प्रमाणित नकाशा लागतो. महामार्ग आणि शहरे त्या नकाशात आहेत. कोयनेच्या खोऱ्यातल्या आमच्या डोंगरवाड्या नाहीत, कारण तिथला रस्ता दर पावसाळ्यात दरडीखाली जातो आणि दर दिवाळीला नवा होतो. अशा भागात गाडी माणसानेच चालवायची. आमच्याकडे वडाप म्हणतात, ती माणसे भरून नेणारी सामायिक जीप, अजून तिथेच टिकून आहे. कुंदा नवरा गेल्यापासून सत्तावीस वर्षे सात वाड्यांचे वडाप चालवते. दुसरी गाडी त्या वाटेला जात नाही.

चाचणीत पूर्वी आठचा आकडा, चढावरची सुरुवात, हाताच्या खुणा असे बरेच काही असे. ते सगळे गळून गेले आणि एकच कौशल्य राहिले : चार खांबांमधल्या जागेत गाडी मागे घेत समांतर लावणे. त्यामागे एक शोध होता.

आपल्या मेंदूत जागेचा नकाशा राखणाऱ्या पेशी असतात. मी कुठे आहे, माझे तोंड कुणीकडे आहे, भिंत किती दूर आहे, हे त्या सतत मांडत असतात. विस्मरणाचा जो आजार म्हातारपणी माणसाला पोखरतो, तो बहुधा याच पेशींपासून सुरुवात करतो. नावे आणि चेहरे विसरण्याच्या कितीतरी वर्षे आधी हा नकाशा विरू लागतो; पण माणूस ओळखीच्या घरात, ओळखीच्या रस्त्यावर वावरत असल्यामुळे ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

समांतर पार्किंगमध्ये ते लपत नाही. गाडी मागे जाते, तेव्हा पुढची चाके वळतात आणि मागची वळत नाहीत; शेपूट आत शिरते तेव्हा तोंड बाहेर फेकले जाते; डोळ्यांपुढे असते ते आरशातले उलटे चित्र. या सगळ्याचा मेळ चालत्या गाडीत घालावा लागतो. निरोगी माणूस चूक दिसण्याआधीच ती दुरुस्त करू लागतो, कारण गाडी पुढच्या क्षणी कुठे असेल हे त्याच्या मनातल्या नकाशाने आधीच मांडलेले असते. ज्याचा नकाशा विरू लागला आहे, तो चूक दिसल्यावर दुरुस्ती करतो. फरक अर्ध्या सेकंदाचा असतो. यंत्र तो फरक मोजते आणि त्याचा अंक करते. त्याला स्थानभान अंक म्हणतात.

अंक पंचेचाळीसच्या खाली गेला की परवाना जातो आणि उपचार सुरू होतो. महिन्यातून एकदा सुई. हा उपचार गेलेले परत आणत नाही, उरलेले राखतो. म्हणून अंक विसाच्या खाली गेल्यावर डॉक्टर सुई देत नाहीत. आणि पंचेचाळीसच्या वर असेल, तर ती द्यायची गरजच काय?

या चाचणीला माझा आरंभापासून विरोध होता. चाळीस वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला यंत्राने एका आकड्यावरून घरी बसवावे, हे मला अपमानाचे वाटे. म्हणून मी साठीच्या पुढच्यांसाठी उजळणी वर्ग काढला. पद्धत जुनीच होती, मी तरुणपणी बसवलेली; कुंदालाही मी तीच शिकवली होती. पुढचा खांब डाव्या मागच्या काचेच्या कोपऱ्यात आला की थांबा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. उजव्या आरशात मागचा खांब बुंध्यापर्यंत दिसला की थांबा, स्टिअरिंग सरळ. बोनेटचा कोपरा पुढच्या खांबापासून सुटला की पूर्ण उजवीकडे. चाचणीतली जागा नियमाने ठरलेली असते : गाडीच्या लांबीच्या दीडपट. जागा बदलत नाही, म्हणून खुणाही बदलत नाहीत. चारशे बारा माणसे माझ्या वर्गातून गेली. एकही नापास झाला नाही.

तंत्रनिकेतनात असताना आम्हाला कार्यशाळेत 'जिग' शिकवीत. जिग म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारा लोखंडी साचा. तो कामावर बसवला, की नवशिक्याच्या हातूनही भोक अचूक जागी पडते. आमचे शिक्षक बजावून सांगत, की जिगने पाडलेल्या भोकावरून कारागिराची परीक्षा घ्यायची नाही. त्या तीन पायऱ्यांचा आलेख बघितल्यावर मला ते आठवले. माझ्या खुणांनी जाणाऱ्या माणसाची चूकच होत नव्हती. चूक नाही, म्हणून दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही, म्हणून उशीरही नाही. यंत्र त्याला भरघोस अंक देत होते, आणि त्या माणसाच्या डोक्यात काय चालले आहे याचा यंत्राला पत्ता नव्हता.

पुढच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, मी मुद्दाम वडापतळावर जाऊन उभा राहिलो. कुंदाची जीप आली. टपावर कोंबड्यांच्या करंड्या, आत नऊ बायका. भिंतीकडेला दोन टेम्पोंच्या मध्ये जागा मोकळी होती. चाचणीतल्या जागेपेक्षा ती चांगली चार हात मोठी होती. पण तिथे खांब नव्हते.

कुंदाने गाडी मागे घेतली. शेपूट भिंतीला टेकली. पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली, पुन्हा तिथेच टेकली. चौथ्या खेपेला आतून हौसाबाई ओरडल्या, "आगं कुंदे, गाडी लावतीस का भिंत सारवतीस?"

सगळ्या हसल्या. कुंदाही हसली. "त्या टेम्पोवाल्याला बोला की! मुडद्यानं निम्मी जागा खाल्लीया." मग तिने गाडी तशीच तिरकी सोडून दिली.

टेम्पोवाल्याने कुणाचीही जागा खाल्लेली नव्हती.

रविवारी दुपारी मी तिला माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानावर बोलावले. नव्या विद्यार्थ्यांसाठी चित्रफीत करायची आहे, असे खोटे सांगितले. सकाळी मी मागचे दोन खांब दीड फूट पुढे सरकवून ठेवले होते. जागा आखूड झाली होती, पण बघून लावणाऱ्याला दोन प्रयत्नांत जमेल इतकी होती. आधी मी स्वतः करून बघितले. तिसऱ्या प्रयत्नात जमले. मला घाम फुटला होता.

कुंदा आली, गाडीत बसली आणि न अडखळता तीन पायऱ्या केल्या. मागचा रबरी खांब आडवा झाला.

"आत्ता!" ती म्हणाली. "थांब, परत करते."

पुन्हा त्याच तीन पायऱ्या. पुन्हा खांब आडवा. तिसऱ्यांदाही तेच. तिच्या कपाळावर आठी पडली.

"दादा, हा खांब हललाय का रे?"

"तुला काय वाटतं?"

तिने खिडकीतून मान बाहेर काढून दोन्हीकडे नीट बघितले. पुष्कळ वेळ बघितले. "नाही," ती म्हणाली. "जिथल्या तिथंच हाय."

मी जाऊन इंजिन बंद केले आणि तिच्या शेजारच्या आसनावर बसलो. काय केले ते सांगितले, का केले तेही सांगितले. आलेख, खुणा, जिग, सगळे. ती स्टिअरिंगवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हंजे तू मला फसवलंस."

"हो."

"आज, का तीस वर्षं?"

मी नियम सांगू लागलो. निकालापासून तीस दिवसांत उमेदवाराने स्वतः फेरचाचणी मागितली, तर पहिला अंक रद्द होतो. नाही मागितली, तर पुढची चाचणी पाच वर्षांनी. अठ्ठ्याऐंशी अंकावर कुठलाही डॉक्टर सुई देणार नाही. पाच वर्षांनी द्यायचे म्हटले तरी...

"पुरे," ती म्हणाली. "परवाना गेला, तर वाड्यांवरच्या बायका बाळंतपणाला काय झोळीतनं उतरायच्या? ते इचारलंस का तुझ्या यंत्राला?"

"त्याच बायका तुझ्या गाडीत बसतात, कुंदा. खाली दरी आहे."

"उतर खाली."

मी उतरलो. तिने गाडी सुरू केली आणि आडव्या पडलेल्या खांबावरून नेत फाटकाबाहेर काढली.

अर्ज तिनेच करायचा होता. कुणा दुसऱ्याला तो करता येत नाही, आणि करता आला असता तरी तिच्यामागे मी तो केला नसता. एकदा खोटे बोलून तिला मैदानावर आणले, तेवढे पुरे होते. सहा दिवस गेले. तिचा फोन नाही. सातव्या दिवशी सकाळी ती दारात उभी होती. चप्पलही न काढता उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"गेल्या म्हैन्यात वरच्या वाडीवरनं उतरत होते. मधीच गाडी थांबवली. रस्ता म्होरं दिसत हुता, पण त्यो कुठं जातोय ते काय केल्या आठवंना. बायकांना म्हणलं, इंजिन तापलंय, जरा खाली उतरून पाय मोकळं करा. त्या करवंदं तोडत बसल्या. मग आलं ध्येनात. ही गोष्ट मी कुणाला सांगितली न्हाई. त्या दिवशी गाडीत तू बोलत हुतास, तवा तोंडाशी आली हुती. पण तुझा राग आला हुता."

"आत ये, कुंदा."

"येते. आधी मला सांग, असं खुणा लावून तू किती जणांना पास केलंस?"

"साठीच्या पुढचे चारशे बारा."

"त्यांना सांगितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"माझ्या एकटीचा परवाना घालवून तुला साळसूद व्हायचंय व्हय? आधी त्या चारशे बारांचं सांगून ये. मग मी अर्ज करते."

ती आत आली नाही.

त्याच दिवशी मी नाझनीनबाईंच्या कार्यालयात गेलो आणि त्यांच्यापुढे माझी जुनी हजेरीपुस्तके ठेवली. पद्धत लेखी दिली, आकृत्यांसह. सूचनाही दिली : प्रत्येक उमेदवारासाठी खांब वेगळ्या अंतरावर लावावेत, आणि ते अंतर चिठ्ठी काढून ठरवावे. त्यांनी कागद दोनदा वाचले.

"सर, यातली किती माणसं तुम्हाला शिव्या देतील, कल्पना आहे?"

"आहे."

"माझ्या अब्बांचं नाव यात आहे," त्या म्हणाल्या. "एकशे सत्तावीस नंबरला."

मी चारशे बारा जणांना स्वतः कळवले. बहुतेकांना फोनवर, काहींना घरी जाऊन. नऊ जण आता हयात नव्हते, त्यांच्या घरच्यांना सांगितले. काहींनी चहा दिला, काहींनी दार लावून घेतले. माझ्या लेखी कबुलीवरून या जुन्या उमेदवारांपुरती तीस दिवसांची अट उठवली गेली, आणि पुढे खांब बदलून घेतलेल्या फेरचाचण्यांत एकसष्ट जणांचा अंक पंचेचाळीसच्या खाली आला. नाझनीनबाईंचे वडील त्यांत नव्हते. दोघांचा अंक विसाच्याही खाली होता. त्यांपैकी एकाच्या मुलाने मला फोन केला. आवाज चढवला नाही. फक्त विचारले, "आमचे वडील तुमच्या वर्गाला केव्हा आले होते?"

"अडीच वर्षांपूर्वी."

"तेव्हा अंक किती आला असता?"

"ते आता सांगता येणार नाही," मी म्हणालो. त्याने फोन ठेवला. त्या माणसाचे नाव मी इथे लिहीत नाही. मला ते रोज आठवते.

कुंदाने आपला शब्द पाळला. तीस दिवसांपैकी अठ्ठाविसाव्या दिवशी तिने अर्ज केला. चाचणीच्या सकाळी मीही माझा परवाना पुढे केला, कारण खुणा ज्याने बसवल्या त्याचे स्थानभान कुणी तपासले होते? माझा अंक बावन्न आला. ज्याने हजारोंना गाडी लावायला शिकवले त्याला बावन्न. कुंदा कठड्याशी उभी राहून हसली. "काठावर की रं, मास्तर!"

मग ती गाडीत बसली. खांब कुठे आहेत हे तिला माहीत नव्हते, मलाही नव्हते. तिने सहा प्रयत्न केले. प्रत्येक प्रयत्नात ती थांबे, आरशात बघे, स्टिअरिंग थोडे वळवे, आणि प्रत्येक वेळी खांब हलल्यावर तिचा पाय ब्रेकवर जाई. सहाव्या प्रयत्नानंतर तिने इंजिन बंद केले. फलकावर तेहेतीस उमटले.

नाझनीनबाई काही बोलणार होत्या, पण कुंदानेच विचारले, "सुई कुठल्या वारी असती?"

"महिन्याचा पहिला शुक्रवार, मावशी. जिल्हा रुग्णालयात."

"शुक्रवार चालंल. बेस्तरवारी जमलं नसतं, बाजार असतो." तिने किल्ली काढून माझ्या हातात दिली. "आता बघतोस काय माझ्याकडं? बावन्न कमी न्हाईत. बेस्तरवारी सहाला पहिली खेप निघती. बायका वाट बघत्यात."

मी एकाहत्तर वर्षांचा आहे, मधुमेह आहे, घाटात गाडी नेऊन वीस वर्षे झाली, हे सगळे मी तिला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग जरा लवकर निघू. साडेपाचला."

तेव्हापासून चार महिने झाले. चार सुया झाल्या. मागच्या शुक्रवारी पुन्हा मोजणी झाली. अंक तेहेतीसच आहे. डॉक्टर म्हणतात, याहून चांगली बातमी ते देऊ शकत नाहीत. धाकटे कुणी वडाप चालवायला तयार होईपर्यंत मी चालवतो आणि कुंदा डाव्या बाजूला बसते. ती मला रस्ता सांगते. कुठे माती सुटली आहे, कुठल्या वळणाला आधी हॉर्न द्यायचा, कुणाच्या अंगणात गाडी फिरवली तर कुत्रे आडवे येते. कधी तिला आठवत नाही. मग मागून हौसाबाई सांगतात, आणि कुंदा म्हणते, "मी सांगणारच हुते."

काल वरच्या वाडीला पोहोचलो, तर नेहमीची मोकळी जागा वाळूच्या ढिगाने अडली होती. ढीग आणि दुधाची गाडी यांच्यामध्ये, पाण्याच्या टाकीच्या कडेला, थोडी जागा होती. डावीकडे टाकीची भिंत, उजवीकडे अरुंद रस्ता, रस्त्यापलीकडे उतार. मी गाडी पुढे नेऊन थांबवली आणि नकळत मागच्या काचेच्या कोपऱ्यात काहीतरी शोधू लागलो. तिथे दुधाच्या गाडीचा पत्रा होता, मागे वाळू होती, आणि कशाचेही माप मला ठाऊक नव्हते.

"कुणीकडे वळवू?" मी विचारले.

कुंदाने माझ्याकडे पाहिले. "मला काय इचारतोस? मला दिसत असतं तर मी तिकडं बसले नसते का?" मग तिने हात लांबवून हँडब्रेक ओढला. "खाली उतर, दादा. आधी जागा बघून ये."

मी दार उघडून उतरलो आणि मागे चालत गेलो. दुधाच्या गाडीपासून वाळूपर्यंत पावले टाकली, परत आलो, पुन्हा टाकली. भिंतीला हात लावून बघितला. गाडीतून कुणी घाई केली नाही. जागा पुरेल असे मला वाटले. पण खात्री नव्हती, म्हणून मी तिसऱ्यांदा चालू लागलो.